महिला संघाची सहभागिता आणि सेवा: सोलापूरच्या एका नव्या सचिवांना उत्तर

सोलापुरातील एका ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) महिला संघाच्या सचिवपदी नुकत्याच निवडून आलेल्या एका भगिनीचा प्रश्न असा आहे. त्या लग्नापूर्वी मिरजेकडे, प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट परंपरेच्या मंडळीत वाढल्या. येथे आल्यावर त्यांना दिसले की गुरुवारी दुपारी तीन वाजता भरणाऱ्या सभेला बारा-तेरा वयस्कर भगिनीच येतात, तरुण सुना आणि मुली फिरकत नाहीत, आणि सेवाकार्य म्हणून नाताळच्या आठवड्यातले रुग्णालयातील फळवाटप तेवढे उरले आहे. परदेशातील प्रेस्बिटेरियन स्त्रियांच्या संघांमध्ये 'सर्कल' नावाची पद्धत असते असे त्यांच्या वाचनात आले. ती येथे चालेल का, आणि सहभागिता व समाजसेवा यांची सांगड कशी घालावी, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

प्रिय भगिनी, ख्रिस्तात सलाम. माझी 31 वर्षे महिला संघाच्या कामात गेली आणि त्यांपैकी 9 वर्षे मी सचिव होते. त्या अनुभवावरून सांगते की सहभागिता आणि सेवा ही दोन खाती करून ठेवली की दोन्ही वाळत जातात. महिन्यातून तीन गुरुवार गीत, शास्त्रपाठ आणि प्रार्थना, आणि वर्षातून एक दिवस सेवा, अशी विभागणी झाली की आपण कोणाची सेवा करतो हे आपल्याला ठाऊक नसते, आणि ज्यांच्यासाठी आपण प्रार्थना करतो त्यांच्या घरी आपण कधी गेलेलो नसतो. सेवा घरभेटीतून निघाली पाहिजे, हे माझ्या उत्तराचे सार आहे. पुढचे सगळे त्याच्याच तपशिलाचे आहे.

सर्कल पद्धतीविषयी आधी सांगते. अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन स्त्रियांचा संघ मोठा असला तरी त्याचे रोजचे जीवन आठ-दहा जणींच्या लहान गटांत चालते. हे गट कोणाच्या तरी घरी किंवा मंडळीच्या एखाद्या खोलीत जमतात, वर्षभर एकच बायबल अभ्यास पुढे नेतात आणि आपापल्या गटातील आजारी, एकट्या वा अडचणीत असलेल्या स्त्रीची चौकशी ठेवतात. सबंध संघ मात्र अधूनमधूनच एकत्र येतो. त्यांच्याकडे 1888 पासून आभाराचे अर्पण आणि 1922 पासून वाढदिवसाचे अर्पण चालत आले आहे. वाढदिवसाला प्रत्येकीने लहानशी रक्कम द्यायची आणि ती सर्वांची मिळून निवडक कामांना द्यायची, अशी ती रीत आहे. उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या मंडळ्या एक झाल्यावर त्यांच्या स्त्रियांचे संघही 1988 मध्ये एकत्र आले, तरी या सवयी मोडल्या नाहीत. आता विचार करा, आपल्याकडच्या कॉटेज प्रेयरपेक्षा, म्हणजे घरोघरी भरणाऱ्या प्रार्थनासभेपेक्षा, यात वेगळे काय आहे? नाव नवे आणण्याची गरज नाही. कॉटेज प्रेयर वाडीवस्तीप्रमाणे वाटून द्या, प्रत्येक भागाची एक प्रमुख भगिनी ठरवा आणि त्या भागातील प्रत्येक घराची जबाबदारी तिच्या गटाकडे द्या, म्हणजे सर्कल उभे राहिले.

आपण मिरजेकडून आलात आणि सोलापूरची मंडळी वेगळ्या परंपरेची आहे, अशी कुजबुज कोणी केली तर तिने बेचैन होऊ नका. कोल्हापुरात मिशनरी रॉयल गूल्ड वाइल्डर यांनी 1852 मध्ये काम सुरू केले आणि 1870 मध्ये ते प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेले. सोलापुरात 1860च्या दशकात अमेरिकन मराठी मिशनने ठाणे केले, आणि ते काँग्रिगेशनल, म्हणजे प्रत्येक मंडळीने आपला कारभार आपणच पाहायचा अशा, वळणाचे होते. पुढे 1924 मध्ये या दोन्ही परंपरा उत्तर भारतातील संयुक्त मंडळीत मिसळल्या आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. दोन्हीकडच्या आजींनी 'उपासना संगीत' या एकाच गीतपुस्तकातून नारायण वामन टिळकांची पदे म्हटली आहेत. प्रेस्बिटेरियन वारशातून आपण येथे काही आणावे असे मला खरोखर वाटत असेल तर ती सर्कल पद्धत नव्हे, शिस्त होय. प्रेस्बिटेरियन हा शब्दच ग्रीक भाषेतील 'वडील' या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. निवडून दिलेल्या वडिलांनी एकत्र बसून ठरवायचे, ठरलेले लिहून ठेवायचे आणि वरच्या सभेला त्याचा जाब द्यायचा, ही त्या परंपरेची घडण आहे. अमेरिकेतील उत्तरेकडच्या प्रेस्बिटेरियन मंडळीने स्त्रियांना वडील होण्याची मोकळीक 1930 मध्ये आणि पाळकपदाच्या दीक्षेची 1956 मध्ये दिली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून त्या मंडळीतील स्त्रिया स्वतःच्या निधीचे इतिवृत्त आणि हिशेब स्वतः ठेवत होत्या. संघाचे अध्यक्षपद आपल्याकडे पुष्कळदा एकाच घरात पंधरा-पंधरा वर्षे राहते, आणि तरुण भगिनी न येण्याचे ते एक कारण असते. मुदत दोन वर्षांची ठेवा, सलग दोनच वेळा निवड होऊ द्या, आणि जुन्या अध्यक्षांना सन्मानाने सल्लागार करा. त्यांच्या अनुभवाशिवाय आपले चालणार नाही.

आता अर्पणाविषयी, कारण सेवेचे बळ तेथून येते. जगभर पसरलेली एक पद्धत मुळात आपल्याच देशातील एका ख्रिस्ती स्त्रीने सुचवली, हे आपल्या संघांत फार कमी जणींना माहीत असते याचे मला नेहमी वाईट वाटते. 1956 मध्ये अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन स्त्रियांच्या नेत्या मार्गारेट शॅनन यांच्या पुढाकाराने वेगवेगळ्या देशांतील स्त्रियांचा एक गट आशियातील देशांच्या भेटीवर निघाला होता. त्यात भारतातील शांती सॉलोमन होत्या. त्यांना कोरियात जाण्याचा परवाना मिळाला नाही, म्हणून बाकीच्या पुढे गेल्या आणि त्या फिलिपीन्समध्ये थांबल्या. त्या थांबण्यात त्यांनी मार्काच्या बाराव्या अध्यायातील विधवेने दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्यांवर, म्हणजे अगदी लहान नाण्यांवर, मनन केले. सोबतिणी परत आल्या आणि युद्धाने होरपळलेल्या स्त्रियांची हकिगत त्यांनी सांगितली, तेव्हा शांतीबाईंनी सुचवले की प्रत्येक स्त्रीने समेटासाठी आणि शांतीसाठी प्रार्थना करताना आपल्या देशातील सर्वांत लहान नाणे बाजूला ठेवावे. परवाना नसला तरी प्रार्थना सीमा ओलांडू शकते, आणि सर्वांत लहान नाणे ठरवल्याने श्रीमंत बाई व गरीब बाई एकाच पातळीवर येतात, हा त्यातला विचार होता. 'फेलोशिप ऑफ द लीस्ट कॉइन' या नावाने ती चळवळ आजही अनेक देशांत चालते.

ही गोष्ट एवढ्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे की आमच्या संघात वर्गणी वीस रुपयांवरून पन्नास रुपये केली, त्या महिन्यापासून बिडी वळणाऱ्या तीन भगिनी येईनाशा झाल्या. कोणी त्यांना काही बोलले नव्हते. वहीत नावापुढे 'बाकी' लिहिलेले दिसते, एवढेच त्यांना पुरे झाले. पुढे आम्ही वर्गणी बंद करून प्रत्येकीला झाकणाला चीर पाडलेली लहान डबी दिली: प्रार्थना झाली की एक रुपया टाकायचा, तिमाहीला डबी आणायची, आणि सर्व डब्या एका परातीत एकदम ओतायच्या, म्हणजे कोणाचे किती हे कोणालाच कळत नाही. त्या तिघींपैकी दोघी परत आल्या.

धान्याचेही असेच करता येते. मिझोराममधील प्रेस्बिटेरियन स्त्रिया 1910 पासून दर वेळी भात रांधताना एक मूठ तांदूळ देवासाठी वेगळा काढतात. 'बुहफाई थाम' असे त्या प्रथेचे नाव आहे आणि तेथील मंडळीच्या सेवाकार्याचा मोठा भार त्या मुठीने उचलला आहे. आपल्याकडे मुष्टिफंड हा शब्द जुनाच आहे. सोलापुरात तांदळाच्या जागी ज्वारी घ्या. भाकरीचे पीठ दळायला देताना एक मूठ बाजूला काढणे ज्या घरात महिनाअखेर रुपया शिल्लक राहत नाही त्या घरालाही जमते, आणि देणाऱ्या हातांत त्या घराचाही हात येतो.

घरभेटीकडे येते, कारण खरे काम तेथे आहे. भेटीला नेहमी दोघींनी जावे. त्यांतील एक वयाने मोठी आणि एक तरुण असावी. पूर्वसूचना देऊन जावे, अर्ध्या तासाहून अधिक बसू नये, चहाचा आग्रह झाल्यास तो घ्यावा, आणि न विचारता उपदेश करू नये. परत आल्यावर भेटवहीत तारीख, घर आणि 'काय करावयास हवे' एवढ्याच तीन गोष्टी लिहाव्यात. घरातील भांडण, व्यसन, कर्ज, सुनेच्या तक्रारी यांतील एक अक्षरही वहीत येता कामा नये.

या बाबतीत आमच्या हातून मोठी चूक झाली आहे. एका आईने सभेत आपल्या मुलीच्या मोडत चाललेल्या संसारासाठी रडत प्रार्थना मागितली. आम्ही सगळ्यांनी मनापासून प्रार्थना केली, आणि रविवारच्या उपासनेपूर्वी ती गोष्ट मुलीच्या सासरपर्यंत पोहोचलेली होती. कोणी वाईट हेतूने सांगितली असेल असे मला आजही वाटत नाही. 'तिच्यासाठी प्रार्थना करा' असेच म्हणत ती एकीकडून दुसरीकडे गेली असणार. ती आई पुढची तीन वर्षे संघात आली नाही, आणि मी तिच्या दारी गेले तेव्हा तिने मला आत बसवले, पाणी दिले, पण विषय काढू दिला नाही. तेव्हापासून प्रार्थनाविनंती मोठ्याने मागताना नाव घ्यायचे नाही, नाव सांगायचेच असेल तर ते फक्त गटप्रमुखाला सांगायचे, आणि सभेत ऐकलेले घरी नवऱ्यालासुद्धा सांगायचे नाही, असा नियम आम्ही केला. दर वर्षी पहिल्या सभेत तो वाचून दाखवला जातो. ज्या संघात स्त्रीला आपले दुःख सुरक्षित ठेवता येत नाही, त्या संघात तरुण मुलगी कशासाठी येईल, याचा आपण विचार करा.

घरभेटी सहा महिने नीट चालल्या की सेवेचे विषय आपोआप पुढे येतात. आमच्याकडे आलेल्या विषयांपैकी तीन सांगते. आपल्या भागात कदाचित दुसरे निघतील.

पहिला विषय रुग्णालयाचा. आम्हीही केळी आणि बिस्किटे वाटत असू. एकदा अक्कलकोटकडच्या एका बाईने केळे घेतले आणि कन्नडमध्ये काहीतरी विचारू लागली. आमच्यातील एकीला कन्नड येत होते म्हणून कळले की नवऱ्याची कोणती तपासणी कोणत्या खोलीत करायची आहे हे तिला कोणीतरी समजावून हवे होते. सोलापूरच्या मोठ्या रुग्णालयांत धाराशिवकडून, विजयपूरकडून, कलबुर्गीकडून माणसे येतात, आणि आपल्या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू या चारही भाषा बोलणारे लोक राहतात. हे आपल्या संघाचे धन आहे, आणि आम्ही ते कधी मोजलेच नव्हते. कोणत्या भगिनीला कोणती भाषा येते याची यादी केली, रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांची लेखी परवानगी घेतली, आणि दर पंधरवड्याच्या मंगळवारी दोघी-दोघींनी दोन तास जाण्याचे ठरवले. चिठ्ठी वाचून दाखवणे, खोली दाखवणे, केसपेपरच्या रांगेत उभे राहणे, एकट्या बाईच्या रुग्णाजवळ ती जेवून येईपर्यंत बसणे, एवढेच काम. औषधाविषयी मत देऊ नये, पत्रके वाटू नयेत, आणि खाटेवरच्या माणसाच्या असहायतेत धर्माचा विषय आपण होऊन काढू नये. कोणी स्वतः प्रार्थना करायला सांगितले तर हळू आवाजात करावी. फोटो तर मुळीच काढू नये. हातात केळे धरलेल्या रुग्णासोबतचे आपले फोटो मंडळीच्या फलकावर लावत होतो, ते आठवले की मला आता लाज वाटते.

दुसरा विषय शाळेच्या गणवेशांचा. सोलापुरात गणवेश शिवणाऱ्या स्त्रिया घरोघरी आहेत आणि आमच्या संघातही चार होत्या. प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात यापोची तबीथा, म्हणजे दुर्कस, मरण पावते तेव्हा विधवा रडत पेत्राला तिने शिवलेले कपडे दाखवतात. पुष्कळ मंडळ्यांतील स्त्रियांचे शिवणगट तिच्या नावाने चालत आले आहेत. आम्ही नवे कपडे शिवण्याचा खर्च करू शकत नव्हतो, म्हणून एप्रिलच्या अखेरीस मंडळीतील आणि शेजारपाजारच्या घरांतून अपुरे झालेले गणवेश मागवले, धुऊन घेतले, चेन व गुंड्या बदलल्या, दुमड उसवून लांबी वाढवली, इस्त्री केली आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळेप्रमाणे व मापाप्रमाणे लावून ठेवले. ज्याला हवे त्याने येऊन, मापाचे पाहून घ्यावे. देणाराही तोच आणि घेणाराही तोच, कारण जो लहान झालेला सदरा देतो तोच मोठा सदरा घेऊन जातो. वाटपाचा कार्यक्रम, पाहुणे, भाषण यांतले काही ठेवले नाही. ज्या तरुण भगिनी गुरुवारी येत नव्हत्या त्या या कामाला संध्याकाळी आल्या, आणि शिलाई मशीनजवळ बसून झालेल्या बोलण्यात मला जेवढी सहभागिता दिसली तेवढी कित्येक सभांत दिसली नव्हती.

तिसरा विषय कागदपत्रांचा, आणि माझ्या मते यात संघाचा सर्वांत अधिक उपयोग होतो. विधवेला किंवा निराधार स्त्रीला संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, 65 वर्षे पूर्ण झालेल्यांना श्रावणबाळ योजना आहे, आणि दोन्हींत दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहून गेल्यामुळे ज्यांचे पैसे थांबले आहेत अशा आजी प्रत्येक वस्तीत सापडतात. बिडी कामगारांसाठी 1976 च्या कायद्याने कल्याणनिधी उभा राहिला, आणि त्यांच्या मुलांना केंद्र सरकारच्या श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्ती मिळते. अर्ज मात्र राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर मुदतीत भरावा लागतो, आणि दिवसभर पाने कापून हजार बिड्यांचा माल पुरा करणाऱ्या आईला ते कुठून जमणार? संघातील शिकलेल्या मुलींनी मोबाइलवर हे अर्ज भरून द्यावेत. आधार, बँक पासबुक आणि ओळखपत्र यांवरील नावाचे स्पेलिंग जुळते का हे आधी पाहावे, कारण बहुतेक अर्ज तेथेच अडतात. मूळ कागद आपल्याकडे ठेवून घेऊ नयेत, ओटीपी विचारून लिहून ठेवू नये, आणि या मदतीसाठी एक रुपयाही घेऊ नये. मंडळीतील आणि मंडळीबाहेरील, सर्वांना हे काम सारखे खुले असावे.

पैशांविषयी कठोर राहा. पौल करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात वर्गणी पोहोचवण्यासाठी माणसे नेमतो आणि या बाबतीत कोणी दोष लावू नये म्हणून काळजी घेतो. एवढ्या मोठ्या प्रेषिताला जी काळजी आवश्यक वाटली ती आपल्यालाही असली पाहिजे. बँक खाते तिघींच्या नावे आणि सही दोघींची असावी, पैसे मोजताना दोघी हजर असाव्यात, दहा रुपयांचीही पावती फाडावी, आणि जमाखर्च दर महिन्याला वाचून इतिवृत्तात नोंदवावा. आमच्याकडे एका वर्षी दुष्काळाच्या मदतीसाठी गोळा केलेले पैसे अगदी योग्य ठिकाणी पोहोचले, पण पावत्या ठेवल्या नव्हत्या, आणि त्या एका निष्काळजीपणाने दोन चांगल्या भगिनींचे बोलणे कायमचे तुटले. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीला तिमाही अहवाल आपण होऊन द्या. पाळकसाहेबांना कामाची आधीच माहिती असली की परवानगीचे प्रश्न निम्मे होतात.

वेळेविषयी थोडक्यात सांगते. गुरुवारी दुपारी तीन ही वेळ ज्या काळात ठरली तेव्हा बहुतेक भगिनी घरी असत. आता शिक्षिका, परिचारिका, दुकानांत काम करणाऱ्या मुली त्या वेळी येऊच शकत नाहीत, आणि एप्रिल-मेच्या 42 अंशांत वयस्कर भगिनींनाही ती वेळ सोसत नाही. शिवाय सोलापुरात काही दिवसांआड येणारे पाणी ज्या वस्तीत ज्या दिवशी येते त्या दिवशी तेथील बाई घर सोडणार नाही, हे लक्षात ठेवून वस्तीगटांचे वार ठरवा. गुरुवारची सभा मोडू मात्र नका. त्या बारा-तेरा भगिनींनी कोणी येवो न येवो, दिवा तेवत ठेवला आहे. त्यांची सभा त्यांच्यासाठी राहू द्या आणि तिच्या जोडीला संध्याकाळचे वस्तीगट सुरू करा. महिन्यातून एकदा, रविवारच्या उपासनेनंतर, सर्वांनी पाऊण तास एकत्र बसावे.

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी येणारा जागतिक प्रार्थना दिन हा वर्षाचा मोठा दिवस धरा. त्याची मुळे मेरी एलन फेअरचाइल्ड जेम्स या अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन स्त्रीने 1887 मध्ये केलेल्या प्रार्थनेच्या आवाहनापर्यंत जातात, आणि आज एका देशातील स्त्रियांनी लिहिलेली उपासना त्या दिवशी जगभरच्या स्त्रिया करतात. शहरातील इतर मंडळ्यांच्या भगिनींना बोलवा, शास्त्रपाठ एक मराठीत, एक तेलुगूत, एक कन्नडमध्ये होऊ द्या, आणि त्या दिवशी डब्या उघडा.

सुरुवात करताना तिन्ही कामे एकदम हाती घेऊ नका. येत्या महिन्यात फक्त मंडळीच्या नोंदवहीवरून घरांची यादी करून ती वस्तीप्रमाणे वाटा, आणि जी भगिनी पूर्वी येत होती व आता येत नाही अशा प्रत्येकीच्या घरी, गुरुवारच्या सभेतील एका वयस्कर भगिनीला सोबत घेऊन, आपण स्वतः जा. ती का येत नाही हे विचारू नका. ती कशी आहे ते विचारा, आणि तिचे बोलून होईपर्यंत थांबा.